तलावाची वही: गळ कमी, बेशरम जास्त

12 जानेवारी 2025, रविवार
आजपासून आपल्या नागपूरच्या फ्लाय फिशिंग (म्हणजे पिसं-दोऱ्याच्या नकली किड्यानं, फ्लायनं, मासोळी पकडणं) क्लबची वही मी लिहून राहिलो. आधीची वही 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे गेली. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, चार तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि आपल्या ज्या मेंबरच्या तळमजल्यावर क्लबचं सामान होतं तिथं छातीएवढं पाणी. दोन रीळ, पिसांचा डबा, वही, सगळं नाग नदीनं नेलं. त्यानंतर वर्षभर जे काही ठरलं ते व्हॉट्सॲपवर ठरलं, आणि व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगच्या फुलांखालून एक साधी तारीख शोधायला अर्धा तास लागते. म्हणून परत कागद.

आज कस्तुरचंद पार्कवर कास्टिंग, म्हणजे दोरी फेकायचा सराव. सहा जण, त्यात दोन नवीन. गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधला, कोणाचा कान फाटायला नको. नवीन पोरांना एवढंच समजावलं की साध्या गळाला शिसं असते, ते शिसं दोरीला ओढत नेते. आपल्या फ्लायला वजनच नाही, पीस न् दोरा, म्हणून इथं दोरीच जाड अन् जड असते, आणि ती दोरी हवेत मागं पूर्ण उलगडू दिल्याशिवाय पुढं फेकायची नाही. सगळे तिथंच घाई करतात. बँकवाले (आपले बँकेतले मेंबर) तर चाबूक मारल्यासारखे मारतात, चटाक आवाज येते. सकाळी फिरायला येणारे एक आजोबा बराच वेळ उभे राहून पाहत होते, मग विचारलं, "बाबू, चाबूक तं दिसला, घोडा कुठं हाय?"

नंतर तर्री पोहे. खर्च ज्याचा त्याचा.

2 फेब्रुवारी, रविवार
आज जागतिक पाणथळ दिवस (1971 साली इराणच्या रामसरला करार झाला तो याच तारखेला), पण आम्ही काही बॅनर घेऊन गेलो नाही. रामटेककडच्या त्या गावी गेलो, मच्छीमार सोसायटीच्या काकांना भेटायला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढच्या रविवारी तिथं पंधरा गाड्या उभ्या नको.

तलाव मामा तलाव आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांचे. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांच्या वर तलाव, त्यातले कितीतरी कोहळी लोकांनी काही शतकांमागं बांधलेले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि पाळीची (बांधाची) माती कोण टाकणार हा प्रश्न तेव्हापासून तसाच लोंबकळून राहिला. मासेमारीचा ठेका ढिवर लोकांच्या सोसायटीकडे आहे. म्हणजे पाण्यातली मासोळी त्यांची, आपली नाही. आधी कुठंतरी आपण न विचारता गळ टाकायचो आणि वर स्वतःला निसर्गप्रेमी म्हणायचो, ते आता बंद.

काकांनी रॉड हातात घेतला, वाकवून पाहिला, विचारलं, "याच्यानं मासोळी मारता अन् मंग सोडून देता?" हो म्हटलं. "मंग मारता काहून?" याचं उत्तर आपल्या मेंबर डॉक्टरांनी द्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

तरी परवानगी दिली. कटला, रोहू, मृगल काढायचे नाहीत, त्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोसायटी पैसे देऊन सोडते. मरळ सोडून द्यायची. टिलापिया मात्र परत पाण्यात टाकायचा नाही, काठावर ठेवायचा, गावात खातात. आणि उन्हाळ्यात दोन हात कामाला द्यायचे. कोणतं काम ते तेव्हा बोलले नाहीत.

23 फेब्रुवारी, रविवार
डॉक्टरांच्या गच्चीवर फ्लाय बांधल्या. कोंबड्याच्या मानेची पिसं चिकनवाल्याकडून फुकट (धुऊन वाळवली तरी वास येतो, वहिनी नाराज), बोकडाचे केस खाटकाकडून, डोळ्यांसाठी टिकल्या दुकानातले मणी. परदेशी व्हिडिओत हरणाचे केस सांगतात, आपल्याकडे तो विषयच नाही, 1972 चा कायदा आहे. आणखी एक गोष्ट नवीन मेंबरांना सांगितली. राखाडी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके असतात, इंग्रज लोकांना सालमन फ्लायसाठी तेच पाहिजे असायचे, आणि त्यापायी आपल्या जंगलातून हे पक्षी किती मारले गेले त्याला सुमार नाही. पेंचच्या जंगलात हा कोंबडा अजून आरवतो. तर आपल्या छंदाचा हा पण इतिहास आहे, तोंड वर करून सांगायच्या आधी माहीत असलेला बरा.

सगळ्या गळांचे आकडे (टोकाजवळचे उलटे काटे) पकडीनं दाबले. दाबलेला आकडा ओठातून अलगद निघते. न दाबलेला ओढला की मासोळीचा जबडा फाटते अन् मग सोडून काय उपयोग. एकूण 38 फ्लाय झाल्या, त्यातल्या दहा तरी झाडू वाटतात.

16 मार्च, रविवार
पहिली ट्रिप. खरं खरं लिहायचं तर आज सगळ्यात जास्त बेशरम पकडली. काठाला सगळीकडून बेशरमीच्या झुडपांचं रान, डोक्याएवढं उंच, जांभळी फुलं लटकून राहिलेली, दिसायला छान. मागं दोरी उलगडली की फ्लाय बेशरमीत. सोडवायला गेलं की पायात चिखल, हातावर पांढरा चीक. 38 पैकी 14 फ्लाय तिथंच गेल्या.

एक मरळ मिळाली, सव्वा किलोच्या आसपास, लाकडी पॉपरवर (पाण्यावर तरंगणारी फ्लाय). पाणी फुटल्याचा आवाज एवढा झाला की बँकवाल्यांच्या हातून रॉडच सुटला. हात ओले करून धरली. कोरड्या हातानं धरलं तर अंगावरचा चिकट थर निघून येते आणि तिथं मग बुरशी धरते. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळं फोटो काढेपर्यंत तिला फार फरक पडत नाही. तेच रोहूला करून पाहा, उन्हात दोन मिनिटांत गळाठते.

काकांना म्हटलं, काका ही बेशरम काढून टाकू का? ते हसले. म्हणाले, "थेच तं काम सांगनार होतो." म्हणजे आपल्या फ्लाय अडकतात म्हणून आपण संवर्धन सुरू केलं. असो, वहीत खोटं लिहायचं नाही.

6 एप्रिल ते 20 एप्रिल, तीन रविवार मिळून
बेशरम काढणे. याच्यावर एक वेगळी वही होईल. पहिल्या रविवारी आम्ही कुऱ्हाडीनं तोडली, खूप मोकळं दिसलं, खूप फोटो काढले, आणि तोडलेल्या फांद्या तिथंच ओल्या काठावर टाकून घरी आलो. दुसऱ्या रविवारी पाहतो तर टाकलेल्या फांद्यांना हिरवे डोळे फुटलेले. नाव उगाच नाही पडलं. ही मूळची दक्षिण अमेरिकेची, कुंपणाला म्हणून लावली आणि तलावात उतरली, बकरी तोंड लावत नाही कारण विषारी. काकू म्हणाल्या, तोडून होत नाही, मुळासकट उपटा, पाळीच्या पलीकडे कोरड्यात नेऊन उन्हात उलटी टाका, अन् पावसाच्या आत करा, एकदा पानी चढलं का मंग तिचंच राज्य.

मग तसंच. कुदळ, सब्बल, नायलॉनचा दोर. मुळाभोवती दोर बांधून चौघांनी ओढायचं, एकानं सब्बलनं उचलायचं. 43 अंशात सकाळी नऊच्या पुढं काम होत नाही, म्हणून नागपूरहून साडेचारला निघालो. गावातले सात-आठ जण, आम्ही सहा. सोसायटीनं त्यांच्या लोकांना रोजी दिली, अर्धी आम्ही वर्गणीतून. साधारण दोनशे पावलं काठ मोकळा झाला. हाताला फोड सगळ्यांच्या, डॉक्टरांच्या जास्त.

27 एप्रिल, रविवार
ही नोंद लिहायला मी तीन दिवस टाळलं.

काका-काकू लग्नाला गेले होते. काम करायला आम्हीच. बेशरम संपत आली, अंगात जोर, मग कोणीतरी (मीच) म्हटलं की पाण्याखालची ती झुपकेदार वनस्पती पण काढून टाकू, फ्लाय तिच्यात पण अडकते, आणि जलपर्णीसारखीच घाणेरडी दिसते. पंजे घेतले, दोराला बांधून फेकले, ओढले. दुपारपर्यंत ट्रॅक्टरची एक ट्रॉली भरेल एवढा हिरवा ढीग काठावर. तलाव एकदम स्विमिंग पूल. ग्रुपवर फोटो टाकला, 61 अंगठे.

काका संध्याकाळी आले. ढिगाजवळ उकिडवे बसले, त्यातली एक काडी उचलली, बोटांनी सोडवली, आणि माझ्यासमोर धरली. काडीला बारीक गोगलगायी, झिंग्याची पिल्लं, एक काचेसारखा पारदर्शक किडा. काही अजून हलत होतं. म्हणाले, "साहेब, हे त्याहीचं जेवन होतं. अन् घर बी." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तर ती हायड्रिला होती, इथलीच. जलपर्णी वेगळी, ती वर तरंगते आणि दक्षिण अमेरिकेतून आली. बेशरम पण बाहेरची. हायड्रिला पाण्याखाली राहून पाण्यात ऑक्सिजन सोडते, छोट्या मासोळ्या तिच्यात अंडी देतात, पिल्लं लपतात. बाहेरच्याला काढताना आपण घरच्यालाही काढलं. हे सगळं आपल्यापैकी तिघांना पुस्तकातून माहीत होतं, पण समोर आलं तेव्हा एकालाही ओळखता आलं नाही. ग्रुपवरचा फोटो डिलीट केला.

18 मे, रविवार
पाणी हिरवं झालं, मटाराच्या सूपासारखं. हायड्रिला जे खत खाऊन राहिली होती ते आता शेवाळाच्या वाट्याला. पाणी किती नितळ ते पाहायला पांढरी थाळी दोरीला बांधून सोडली, मार्चमध्ये चार फुटांवर दिसायची, आज सव्वा फुटावर गायब.

पहाटे पाचला ऑक्सिजन मोजला, किटमध्ये लिटरला अडीच मिलीग्रॅम. या तापमानाला भरलेल्या पाण्यात सात-साडेसातपर्यंत मावते. दिवसा शेवाळ ऑक्सिजन बनवते, रात्रभर तेच शेवाळ श्वास घेऊन तो संपवते, म्हणून दिवस निघायच्या आधी सगळ्यात कमी असते. रोहू वर येऊन तोंड उघडझाप करत होते, शेकड्यानं, पूर्ण काठभर तो चप् चप् आवाज. कोणी काही बोललं नाही. सोसायटीनं डिझेल पंप लावून पाणी उपसून परत तलावातच धारेनं पाडलं, दोन रात्री. डिझेलचे पैसे आम्ही दिले, ते कोणी मागितले नव्हते. मोठं मरण टळलं. सतरा मेले.

पावसाळा संपेपर्यंत गळ बंद. हात वर करून ठरलं, एकही विरोध नाही.

1 जून, रविवार
मीटिंग, धरमपेठेत, एसीत. एका ओळखीच्या उद्योजकांची ऑफर आली, ते महाशीरची पिल्लं आणून देतात, तलावात सोडायची, पेपरात फोटो. दोन मेंबर लगेच तयार, फ्लायवर महाशीर म्हणजे काय ते आम्हाला पण समजते, झोपेत पण तोच मासा दिसते.

दीड तास वाद. शेवटी नाही ठरलं. एक तर महाशीरला वाहतं, दगडगोट्यांचं पाणी लागते, आपल्या तलावात तो मे महिना काढणार नाही. दुसरं कावेरीचं उदाहरण. लोणावळ्याच्या हॅचरीत 1970 च्या दशकापासून वाढवलेला दख्खनी महाशीर चांगल्या मनानंच ठिकठिकाणी सोडला गेला, कावेरीत पण. तिथं तो एवढा माजला की तिथला मूळचा, कुबडवाला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी एक, मागं पडत गेला. त्याचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी हे पण 2018 मध्ये पक्कं झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. म्हणजे बारशालाच आयसीयू. मासोळी सोडणं म्हणजे पुण्य असं आपल्या डोक्यात बसलेलं आहे, एप्रिलमध्ये आपण एकदा स्वतःच्या डोक्यानं चाललोच होतो, पुरे. उद्योजक नाराज. त्यांना म्हटलं बांबू द्या. बांबू दिले, खरंच दिले, 60.

22 जून, रविवार
पाऊस झाला, काठ ओला, लावणी. हो, लावणी, धानासारखीच. शेजारच्या गावच्या तलावातून तिथल्या सोसायटीला विचारून हायड्रिला, पट्टीसारखी लांब पानांची व्हॅलिस्नेरिया आणि पांढऱ्या फुलांची कुमुदिनी आणली. भंडारा-गोंदियाकडे ढिवर बायांनी बरेच तलाव असेच परत लावलेत, काकूंची बहीण तिकडे दिली आहे, तिच्याकडून ही पद्धत आली.

पद्धत अशी की गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, पाच-सहा काड्यांची जुडी, बुडाशी चिकण मातीचा गोळा, वर जुन्या पोत्याचा तुकडा गुंडाळायचा, पाण्यात सोडायचा आणि पायाच्या अंगठ्यानं गाळात दाबायचा. हातानं दाबलं तर वाकावं लागते, तोंड पाण्यात. काकूंचा अंगठा असा बसतो की जुडी हलत नाही. माझ्या अर्ध्या पाच मिनिटांत वर तरंगायला लागल्या. काकू माझ्या मागं मागं येऊन त्या परत दाबत होत्या, म्हणाल्या, "बाबू, तुमी गोळे बनवा फक्त." साहेबाचा बाबू झालो, ही आजची कमाई. बांबूचं कुंपण घातलं, म्हशींसाठी.

20 जुलै, रविवार
पाहणी. लहान मेंबर (अकरावीत आहे) सवयीनं रॉड घेऊन आला होता, बंदी असताना. पाळीजवळ पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा तांबडा गोळा दिसला, ताटाएवढा, उकळल्यासारखा खदखदत. त्याच्याखाली काळी मोठी सावली. पोरानं रॉड उचलला, काकांनी कोपरच धरलं.

मरळीची पिल्लं होती ती. बोटाच्या पेराएवढी, नारिंगी-तांबडी, श्वास घ्यायला सगळी एकदम वर येतात म्हणून ते खदखदणं. मायबाप खाली राखण करतात, आणि राखणीच्या वेळी जे समोर पडेल त्यावर तुटून पडतात, भूक म्हणून नाही, राग म्हणून. म्हणून त्या वेळी मरळ पकडणं सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात वाईट, कारण मोठी गेली की दहा मिनिटांत बाकीच्या मासोळ्या तो गोळा फस्त करतात. काही जण मुद्दाम गोळा शोधूनच गळ टाकतात, आम्ही पण दोन वर्षांमागं टाकला होता, लिहून ठेवतो.

पोरगा अर्धा तास पाळीवर पालथा पडून पाहत बसला. घरी जायला तयारच नाही.

24 ऑगस्ट, रविवार
काम नाही. शुक्रवारी पोळा, काल तान्हा पोळा अन् मारबत (इडापिडा घेऊन जा म्हणत मिरवतात तो पुतळा). गावातली बैलं धुतली ती पण तलावात, पण सांडव्याकडे, कुंपण सोडून, हे त्यांनी स्वतःहून केलं. काल इतवारीत काळी-पिवळी मारबत पाहायला आपले चौघे होते, गर्दीत बँकवाले जोरात ओरडले, "बेशरम घेऊन जा गे मारबत!" बाजूच्या माणसानं विचारलं कोणाबद्दल बोलून राहिले, त्याला वाटलं राजकारण.

14 सप्टेंबर, रविवार
कुंपण एका जागी तुटलं, म्हशी आत, पण नुकसान कमी. जास्त नुकसान टिलापियाचं. थाळी सोडली तर तीन फुटांवर दिसली, पाणी उतरलं तिथं गाळात बशीसारखे गोल खड्डे, एकाला लागून एक. नर तोंडानं माती उचलून खड्डा करतो, तिथं अंडी पडली की मादी ती तोंडात घेऊन फिरते. खड्डा करताना आपल्या जुड्या उपटून बाजूला. हा मासा 1952 ला भारतात आणला, स्वस्त प्रोटीन म्हणून, आणि आता प्रत्येक डबक्यात आहे.

तिसरा हिस्सा लावणी गेली. बाकी धरली. कुमुदिनीला फुलं आहेत.

12 ऑक्टोबर, रविवार
सोसायटीनं स्वतः बोलावलं. म्हणजे फोन काकांचा, "तुमचे चाबूक घेऊन या." जाळं लावलं तर लावलेली वनस्पती उपटते, त्यामुळं त्या पट्ट्यात जाळं नको, आणि टिलापिया तर काढायचाच. फ्लायचा पहिल्यांदा खरा उपयोग. बारीक मणीवाली निम्फ (पाण्यात बुडणारी फ्लाय), आठ नंबरचा गळ, खड्ड्यावर हळू सोडायची, नर ती उचलून बाहेर फेकायला तोंडात घेतो तेव्हाच ओढायचं. सकाळी सहा ते दहा, पाच रॉड, 47 टिलापिया. मोकळ्या काठामुळं मागं काही अडकलं नाही. एक रोहू लागला, पाण्यातच सोडवला.

गावात 47 वाटले. काकूंनी सावजीसारखा रस्सा केला, त्याच्यापुढं हॉटेलवाल्यांनी दुकान बंद करावं. डॉक्टरांना घाम, नाक, डोळे, सगळं एकदम.

काकांनी एकदा रॉड फिरवला. तिसऱ्याच फेकीला दोरी सरळ गेली. आम्हाला याच्यासाठी चार महिने लागले होते, तर हा विषय तिथंच थांबवला.

16 नोव्हेंबर, रविवार
थाळी साडेतीन फूट. पहाटेचा ऑक्सिजन पाच. बेशरमीचे नवीन कोंब 23 मोजले, सगळे एप्रिलच्या पहिल्या रविवारी तोडून टाकलेल्या जागेवर, उपटले. सांडव्याजवळ दोन अडई बदकं, पिल्लांसह, लावणीच्या पट्ट्यातच.

मरळीचा तो गोळा आता विखुरला, पिल्लं हातभर नाही पण वीतभर झाली असतील. लहान मेंबर म्हणते त्यानं तीन पाहिली. आम्हाला एक पण नाही दिसली.

राहिलेलं: पाळीवर पाटी लावायची आहे, त्यावर क्लबचं नाव लिहायचं का यावर पुढच्या वेळी भांडू, काकांच्या सोसायटीचं मोठ्या अक्षरात हे नक्की. बांबू 11 उरले. पंजे विकून टाकायचे.